चौथ्या तुकड्यातले तीन व्होल्ट

दवाखान्यातल्या फ्रीजला उचकी लागली होती. घर्रर्र करून सुरू व्हायचा, अंग थरथरवायचा, आणि आपण "चला, लागला एकदाचा" म्हणेपर्यंत टक करून गप्प. थोडा वेळ शांतता. पुन्हा घर्रर्र. पुन्हा टक. आजारी लेकराच्या उशाशी बसावं तशी मी त्याच्यासमोर फरशीवर बसले होते.

आत माझ्या बहिणीचं इन्सुलिन होतं.

लहान मुलांच्या लसीही होत्या, नाही म्हणत नाही. पण मला दिसत होत्या त्या एरेतीच्याच बाटल्या. जहाज नुकतंच येऊन गेलं होतं. पुढचं कधी येणार ते जहाजालासुद्धा माहीत नसतं. मागं एकदा औषध संपलं होतं तेव्हा एरेती बघता बघता वाळली होती, तिच्या श्वासाला पिकून सडलेल्या फळाचा वास यायला लागला होता, आणि तशातही ती मला म्हणाली होती, "रडू नकोस, रडताना तू फार कुरूप दिसतेस." तो वास मी अजून विसरलेले नाही. तो पुन्हा घरात नको होता, एवढंच.

अकेनेतानं, म्हणजे आमच्या नर्सबाईनं, फ्रीजच्या वायरीला मीटर लावला. "पंचवीस व्होल्ट. वीज भरपूर येतेय, कैतिरा. म्हणजे फ्रीजच मेलाय."

"मेला असेल तर घर्रर्र कशाला करतो?"

"मरताना माणसंही करतात."

अकेनेता दुसऱ्या बेटावरून आलेली. आमच्यात राहून तिला बरीच वर्षं झाली, पण तोंड तिकडचंच राहिलं.

बाहेरच्या बाकावरून एरेती ओरडली, "काय गं, माझं मयत आतच उरकताय का?"

पॅनेलची देखभाल माझ्याकडे कशी आली ती गोष्ट फार मोठी नाही. मिशनचा रेडिओ बंद पडला होता. मी तो उघडला, आतली झुरळं झटकली, रेडिओ बोलायला लागला. झुरळं झटकणं म्हणजेच दुरुस्ती, असा समज गावानं करून घेतला आणि मी तो मोडला नाही. पुढं उन्हावर चालणारी पॅनेल आली तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मात्र शिकावं लागलं. बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर आतून एक त्रिकोण छापलेला होता, त्यात तीन अक्षरं. एकावर बोट ठेवायचं, उरलेली दोन सांगतात पुढं काय करायचं ते. व्होल्ट म्हणजे मागून किती जोरानं ढकललं जातंय. अँपिअर म्हणजे प्रत्यक्षात किती वाहतंय. व्होल्टला अँपिअरनं भागलं की वाटेत अडथळा किती आहे ते कळतं, त्याला ओहम म्हणायचं. आणि व्होल्टला अँपिअरनं गुणलं की काम किती होतंय ते कळतं, ते वॅट. नवं नवं होतं तेव्हा मी मीटर घेऊन गावभर फिरले, दिसेल तो दिवा मोजला. नवरा म्हणाला, "मलाही एकदा मोज." म्हटलं, "तुमचे वॅट मला लग्नापासून माहीत आहेत."

पण त्या दिवशी डोकं चालत नव्हतं. मी उठत होते, बसत होते, फ्रीजच्या मागं वाकून बघत होते, जणू तिथं झुरळं असतील.

अकेनेता बाहेर जाऊन एरेतीला तपासायला लागली. मला आतून ऐकू येत होतं.

"दम लागतो का?"

"अजिबात नाही."

"बसल्या बसल्या कशाला लागेल? त्या विहिरीपर्यंत जाऊन ये, मग विचारते."

मी तिथंच थांबले. अरे, आम्ही फ्रीजलाही बसल्या बसल्याच विचारत होतो! तो बंद असताना मीटर लावायचा आणि म्हणायचं, वीज छान आहे. वाहतच काही नसेल तर अडथळ्याला अडवायला तरी काय मिळणार? मी मीटरच्या सुया वायरींवर धरून ठेवल्या आणि वाट पाहिली. घर्रर्र झालं. पंचवीस, बावीस, वीस. टक. पुन्हा पंचवीस.

"अकेनेता!" मी ओरडले. "फ्रीज जिवंत आहे! त्याला धाप लागतेय!"

बॅटरी मनेआबाच्या, म्हणजे आमच्या सभेच्या मोठ्या घराच्या शेजारी असते. मी पळत तिथं गेले. बॅटरीवर पंचवीस, आणि अकेनेतानं तिकडून फ्रीज लागल्याची हाक दिली तरी पंचवीसच. म्हणजे वीज इथून नीट निघत होती आणि तिथं पोचेपर्यंत वाटेत कुणीतरी खात होतं.

वाट लांब होती, आणि ती तशी का होती हे बेटावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. पॅनेल आली तेव्हा तेकाबूनं आपली जागा देऊ केली होती, दवाखान्याला लागूनच. पण कोउराबीमामा, माझ्या आईचे भाऊ, मनेआबात बोलले की सगळ्यांचा उजेड एकाच्या जमिनीतून उगवला तर उद्या तो एकटाच सूर्य होऊन बसेल. सगळ्यांना पटलं. तेकाबूला सोडून. मग पॅनेल मनेआबाच्या आवारात लागली, कारण ती जमीन सगळ्यांची. राहिली वायर. तीही एकाच्या पैशाची नको. मग सहा घराण्यांनी सहा तुकडे दिले, प्रत्येकी सात वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून सात मापं, कुणाचा टीचभर जास्त नाही की कमी नाही. तुकडे जमिनीत पुरले, जोड मात्र नारळाच्या खुंटांवर घेऊन वर डबे पालथे घातले. मापं घेताना मीच होते. सात वाव सगळ्यांचेच सात वाव भरले. जाडी बाहेरून सारखीच दिसत होती.

आता मला वायरीतून नुसती वीज नको होती, ती सतत वाहती हवी होती. फ्रीज तर दोन श्वासांत मान टाकत होता. मग मिशनच्या मोडक्या ट्रकचा पुढचा दिवा काढून आणला आणि फ्रीजच्या जागी जोडला. दिव्याला स्वाभिमान नसतो. कमी मिळालं तर कमी जळतो, पण जळत राहतो. अकेनेता त्याच्याजवळ उभी राहिली. दिवा लागला, पण पिवळा, कावीळ झाल्यासारखा.

आधी अँपिअर मोजले. दोन पूर्णांक सहा. दिव्यावर व्होल्ट वीस पूर्णांक आठ. निघाले पंचवीस, पोचले वीस पूर्णांक आठ, वाटेत गेले चार पूर्णांक दोन. भागलं अँपिअरनं, अडथळा एक पूर्णांक सहा ओहम. आणि गुणलं तर जवळजवळ अकरा वॅट. म्हणजे अकरा वॅट आम्ही रात्रंदिवस वाळू तापवायला घालत होतो, जशी काही ती आधीच तापलेली नाही.

मग मी बॅटरीपासून निघाले, एकेका जोडावरचा डबा उचलत. दोन वायरींच्या मध्ये मीटर धरायचा, आकडा वाचायचा, डबा परत झाकायचा. पहिल्या जोडावर चोवीस पूर्णांक आठ. दुसऱ्यावर चोवीस सहा. तिसऱ्यावर चोवीस तीन. थोडं थोडं सगळेच खातात, वाटेचा हक्कच आहे तो.

चौथ्यावर एकवीस पूर्णांक दोन.

मी सुया काढल्या, लुंगीला पुसल्या, पुन्हा लावल्या. एकवीस पूर्णांक दोन.

जवळच तेकाबू जाळं दुरुस्त करत बसला होता. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, पण कान तरण्या पोराचे. "काय म्हणतोय आकडा?"

"काही नाही. आकडा गप्प आहे."

"तू पण गप्प झालीस. दोघं मिळून काहीतरी लपवताय."

मी डबा झाकला आणि पुढं गेले. पाचव्या जोडावर एकवीस, शेवटी वीस पूर्णांक आठ, सगळं हिशेबात. पाच तुकडे मिळून एक व्होल्ट आणि वर चिमूटभर खात होते. चौथा एकटा तीनच्या वर. आणि चौथा तुकडा कोउराबीमामांच्या घराण्याचा होता, ज्याबद्दल बेटावरचं शेंबडं पोरही सांगतं की तो त्यांच्या इओबीनं, परदेशी जहाजावरच्या त्यांच्या मुलानं, हॅम्बुर्गहून पाठवलेला आहे.

"सापडलं का?" अकेनेतानं विचारलं.

"बघते," म्हटलं.

"बघितलंस तर तू आत्ताच."

"परत बघते."

तिनं बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून विहिरीच्या सावलीत बादलीत ठेवल्या होत्या. आमच्या विहिरीचं पाणी म्हणजे कोमट रस्सा. "हे असं फार चालणार नाही," ती म्हणाली. "सभा बोलवते उद्या सकाळी. तोवर तुझं परत बघून होईल ना?"

संध्याकाळी मी माडांकडे गेले. एका शेंड्यावरून गाणं येत होतं. मामा माडी उतरवायला चढले की गातात. सगळेच गातात, म्हणजे खालच्यांना कळतं की वर माणूस आहे.

"मामा, खाली या."

"आत्ताच चढलोय."

"महत्त्वाचं आहे."

"मग ओरडून सांग."

"ओरडून सांगण्यासारखं नाही."

गाणं थांबलं. मामा उतरले, करवंटीत माडी ओतली आणि माझ्यापुढं धरली. "आधी पी. मग सांग काय मोडलंस ते."

मी प्यायले. "चौथ्या तुकड्यात तीन व्होल्ट जातात."

"कुठं जातात?"

"उष्णता होऊन मातीत."

"तीन म्हणजे फार का?"

"बाकीच्या पाचांत मिळून एकच जातो, मामा."

त्यांनी कोयता झाडाच्या बुंध्याला हलकेच टेकवला. "वायर जमिनीखाली आहे. तू पाहिलीस?"

"नाही."

"मग?"

"आकडा पाहिला. तीन पूर्णांक एकला दोन पूर्णांक सहानं भागलं की एक पूर्णांक दोन ओहम. सात वावांच्या जाड तांब्याला एवढा अडथळा असूच शकत नाही. आत जे आहे ते दोऱ्याएवढं असेल."

"हॅम्बुर्गची वायर आहे ती."

"हो."

"माझ्या इओबीनं पाठवलीय."

"हो, मामा."

"सगळ्या बेटाला माहीत आहे."

वरच्या माडावर कुणीतरी दुसराच गायला लागला होता, अगदी बेसूर. मामांनी तिकडं पाहिलं, मग आपल्या तळहातांकडे.

"नाही पाठवली त्यानं," ते म्हणाले. "मी निरोप धाडला होता, पैसे पण पाठवले होते. तो जहाज सोडून तिकडंच उतरला कुठंतरी. त्याला आता तिकडं बायको आहे म्हणतात." कोयत्याची धार अंगठ्यानं चाचपत म्हणाले, "इथं सगळे तुकडे घेऊन आले होते. माझ्याकडे मिशनच्या जुन्या दिव्यांच्या तारा होत्या. पीळ घालून पाण्याच्या नळीत ओवल्या. बाहेरून सारखीच दिसते."

"हो, मी मापलीय ना."

"तुझी मामी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिला नेऊन दाखवली. तिनं नळी अशी हातात धरली. म्हणाली, जाड आहे. चांगली पाठवलीय पोरानं." मामा हसल्यासारखे झाले. "त्याच्यानंतर मी कुणाला काय सांगणार होतो?"

मामी त्या महिन्यातच गेली होती. तिच्या मयताला मामा दोन वेळा मोठ्यानं म्हणाले होते, मुलगा लांब आहे पण विसरलेला नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

"कैतिरा, सांग की फ्रीजच मेला. यंत्रं मरतात. जहाज नवा आणेल."

"जहाज येईपर्यंत एरेतीचं काय?"

एरेतीला लहानपणी पोहायला मामांनीच शिकवलं होतं, म्हणजे होडीतून सरळ पाण्यात टाकलं होतं. त्यांनी माझ्या हातातली करवंटी घेतली. कोयता उचलला आणि शेजारच्या माडावर चढायला लागले. त्या माडाची माडी त्यांनी आधीच उतरवलेली होती. शेंड्याला नव्यानं बांधलेलं भांडं लटकलेलं मला खालून दिसत होतं. गाणं मात्र आलं नाही.

घरी गेले तर घरात थांबवेना. दवाखान्यात गेले, बादलीतल्या गोणपाटावर पाणी शिंपडलं, परत आले. नवरा म्हणाला, "खाऊन घे." बसले, घास घेतला, उठले. एरेती चटईवर आडवी होती. म्हणाली, "तू अशी येरझाऱ्या घालत राहिलीस तर तुलाच बॅटरीला जोडू." मी हसले. तिच्याजवळ वाकून मुद्दाम पांघरूण सारखं केलं, म्हणजे तिचा श्वास नाकाशी यावा. अजून तरी नुसता माशाचाच वास होता.

सकाळी मनेआबात सगळी घराणी आपापल्या जागी बसली. ज्याचा जो खांब त्याच्या मागं तो. मी वाकत वाकत मधे गेले, कारण बसलेल्या म्हाताऱ्यांसमोर ताठ चालायचं नसतं, आणि त्या दिवशी मला ताठ चालता आलंही नसतं.

"फ्रीज चांगला आहे," मी म्हटलं. "बॅटरी चांगली आहे. वाटेत अडथळा आहे. अकरा वॅट वाटेत जातात."

"कुणाच्या वाटेत?" तेकाबूनं विचारलं.

"वाट सगळ्यांची आहे."

"अगं पण तू एकेका डब्याशी थांबून बघत होतीस की! चौथ्यापाशी तर दोनदा सुया लावल्यास. तुझे आकडे बोलके आहेत ना? मग नाव घ्यायला सांग त्यांना."

सहाही घराणी माझ्याकडे बघायला लागली. चौथा तुकडा कुणाचा ते मोजायला कुणाला बोटंही लागली नसती. बाईमाणसांच्या रांगेत एरेती बसली होती, पंख्यानं वारा घेत. खांबाला टेकून मामा पानात तंबाखू वळत होते. माझ्याकडे बघतही नव्हते.

कुणीतरी मधेच म्हणालं, "फ्रीज इथंच आणा ना. बॅटरीच्या शेजारी."

"आणि कुणाच्या जागेत बसवायचा?"

"मधे ठेवा."

"मधे नाच होतो."

"इथं नको," अकेनेता म्हणाली. "तो माझ्या डोळ्यांसमोर हवा. इथं ठेवलात तर दुपारपर्यंत औषधं बाहेर आणि मासे आत."

हशा झाला. तेकाबू हसला नाही. "नाव," तो म्हणाला. "कैतिरा, मी नाव विचारलं."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येत नाही. कारण तेवढ्यात मामा बोलले, आणि तेही तंबाखू वळता वळता.

"माझ्या घराण्याचा तुकडा मी परत घेतोय."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि कुजबुज वाळक्या झावळ्यांसारखी सळसळली.

"दिलेलं परत?" तेकाबू म्हणाला.

"हो."

"दवाखान्याला दिलेलं? आत्ता? फ्रीज बंद पडलेला असताना?"

"हो. मला हवाय."

"कशाला?"

"माझा आहे म्हणून."

'माझं' हा शब्द मनेआबात इतक्या मोठ्यानं उच्चारलेला मी तरी कधी ऐकला नव्हता. आमच्याकडे चोराला माफी मिळते, दारुड्याला मिळते. जो आपलं आपल्याजवळ धरून ठेवतो त्याच्या घरी कुणी विस्तव मागायलाही जात नाही. मामांच्याच घराण्यातले दोघं त्यांच्यापासून जरासे सरकून बसले. मला दिसलं.

"कैतिरा," मामा म्हणाले, "पाचच तुकडे जोडलेस तर फ्रीज चालेल?"

"चालेल. पाचांचा मिळून अडथळा अर्धा ओहमसुद्धा नाही. फ्रीज तीन अँपिअर घेतो, म्हणजे वाटेत सव्वा व्होल्ट जाईल. वॅट चारच्या आत. पावणेचोवीस व्होल्ट पोचतील, तेवढे त्याला पुरतात. पण वायर दवाखान्यापर्यंत येणार नाही. सात वाव कमी पडेल."

"दवाखान्याच्या सात वाव अलीकडे काय आहे?"

विचारायची गरजच नव्हती. तेकाबूची उंच माचीची झोपडी होती तिथं. तेकाबू आपोआप ताठ बसला.

"माझ्या दारातून ती दिसते," अकेनेता म्हणाली. "फ्रीजला कुलूप आहेच. मला चालेल."

एका म्हाताऱ्यानं घसा साफ केला. "कोउराबी, एकाच्या जमिनीवर काही नको म्हणून तूच तेव्हा—"

"तेव्हा हरकत होती. आता नाही." मामांनी तंबाखू पेटवली. "तेकाबूच्या जागेत ठेवा. त्याला सूर्य व्हायचंच आहे, होऊ दे."

तेकाबूनं त्याच दुपारी झोपडी झाडून घेतली, चारही बाजूंनी नव्या झावळ्या बांधल्या, आणि फ्रीज उचलून आणणाऱ्यांना ताजी माडी पाजली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "तेव्हाच माझं ऐकलं असतं तर?" ते ऐकून घ्यावं लागलं, कारण खरंच होतं.

मामा एकटेच खणत होते. कुणी हात लावायला गेलं नाही. बायका मुद्दाम लांबून पाणी न्यायला लागल्या. मी तिसऱ्या जोडावरून पाचवा तुकडा थेट जोडण्यासाठी पुढची सगळी वायर ओढून घेत होते. सात वाव अलीकडे आणायची तर उरलेली वाटही उकरायला लागली, पण ती उकरायला दहा हात आले. मामांपाशी जाऊन म्हटलं, "मी धरते एक टोक."

"तू तुझे जोड बघ," ते म्हणाले. "घट्ट पिळ."

नळी वर आली तेव्हा एका टोकाला मला हिरवट भुगा दिसला, शेवाळासारखा. तांब्याचे तीन-चार तंतू उरले होते त्यात. आमच्या औषधांची सगळी वीज इतकी वर्षं त्यांनीच वाहिली होती. मामांनी लुंगीची किनार फाडली, दोन्ही तोंडं बांधून टाकली, नळीचं वेटोळं केलं, खांद्यावर घेतलं आणि गावाच्या मधल्या रस्त्यानं घरी गेले. मागून पोरं ओरडत होती, "माझी! माझी!" एकाही आईनं पोराला दटावलं नाही.

फ्रीज सुरू झाला. घर्रर्र. मी मीटर धरूनच होते. तेवीस पूर्णांक सात. आकडा हलत नव्हता. टक होईल म्हणून वाट पाहिली. झालं नाही. अकेनेतानं बाटल्या आत ठेवल्या, त्याआधी एक उजेडात धरून फिरवली.

"स्वच्छ दिसतंय," मी म्हटलं.

"दिसण्यावर जाऊ नकोस. ऊन लागलेलं इन्सुलिनही स्वच्छ दिसतं."

"मग कळणार कसं?"

"तपासायच्या पट्ट्या संपल्यात. टोचायचं आणि बघायचं." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "त्याला मीटर नाही, कैतिरा. बस जरा."

बसवेना. एरेतीनं टोचून घेतलं आणि झोपली. मी फ्रीजपाशी जात होते, आकडा बघत होते, परत येऊन तिच्याकडे बघत होते. एकीकडचं सगळं मोजता येत होतं, दुसरीकडचं काहीच नाही. तिनं पाणी मागितलं की मी वाकून तिचा श्वास हुंगायचे. नाही मागितलं तरी हुंगायचे. नवऱ्यानं बोलणंच सोडलं. मी बबाईचे कंद सोलायला घेतले आणि अर्धे सोलून तसेच विसरले. मामांच्या घराकडे कुणी जात नव्हतं. त्यांच्या माडावरून संध्याकाळी गाणं ऐकू यायचं, पण आता खालून कुणी साद देत नव्हतं.

मग एके सकाळी आवाजानं जाग आली. अंगणात घोड्याला खरारा करावा तशी केरसुणी चालली होती, आणि एरेती बोलत होती.

"—एवढा मोठा माणूस! मनेआबात पहिला बोलणारा! आणि भाचीचं औषध नासत असताना म्हणतो, माझी वायर. हॅम्बुर्गच्या वायरीचं काय लोणचं घालणार होता म्हातारा? अगं, उद्या मेला तर ती नळी गळ्यात बांधून पुरीन मी त्याला!"

"हळू बोल," मी म्हटलं. "मामा आहेत आपले."

"तुझे असतील. मला नाहीत मामा." तिनं केरसुणी खांबावर आपटली. चूल पेटवली. रात्रीच्या माशांचे वाटे करायला बसली, सुरी अशी चालवत की मासा दुसऱ्यांदा मरावा. आमचा वाटा, अकेनेताचा वाटा, तेकाबूचा वाटा, तोही मोठा. मामांचा वाटा नेहमी पहिला काढला जायचा. तो काढलाच नाही.

मी माझ्या वाट्यातला मोठा तुकडा उचलला आणि पानात बांधायला लागले.

"कुणाला नेतेस?"

"कुणाला नाही."

"इकडं बघ." एरेतीनं सुरी खाली ठेवली. तिचे डोळे स्वच्छ होते, गालांवर रंग होता, आणि ती मला लहानपणी बघायची तसं बघत होती, मी तिचं काहीतरी लपवल्यासारखं. "तुला काहीतरी माहीत आहे."

"मला आकडे माहीत आहेत."

"त्या कंजूष म्हाताऱ्याकडे चाललीस ना? जा! जा, त्याचे पाय पण चेपून ये! त्याला सांग, एरेती म्हणाली, तुझी माडी आंबू दे, तुझी होडी गळू दे, तुझ्या तंबाखूला बुरशी येऊ दे—"

मी पान उचललं आणि निघाले. आवाज मागून येत होता, चढा, खणखणीत, मधे श्वास घ्यायलासुद्धा न थांबणारा. पार माडांपर्यंत जाईल असा. मामांनाही ऐकू जात असणार. मी पावलं उचलायला हवी होती, पण मुद्दाम सावकाश चालले, तो अजून थोडा ऐकू यावा म्हणून.